रुपया, रुबल आणि मधली खुर्ची

१९ जानेवारी, सोमवार

संतोषचा फोन. भल्या सकाळी! वाटलं, गावाकडचं कुणी गेलं.

कुणी गेलं नव्हतं. "ताई, तुझं रशियन अजून चालू हाय का?" जसं काही ते पाण्याची मोटर आहे. बटण दाबलं की सुरू!

प्रकरण असं. तिकडे लढाई पेटल्यापासून रशियाशी डॉलरमधले व्यवहार जवळजवळ बंद. बँका हात लावायला घाबरतात. आणि आमच्या बंधुराजांची निम्मी द्राक्षं तिकडेच जातात. आता दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांची माणसं नाशिकला येऊन बसणार आहेत. डॉलरला मधून काढायचं, रुपया आणि रुबल यांचा थेट भाव ठरवायचा, आणि पहिला प्रयोग इथल्या द्राक्षांवर करून बघायचा. दिल्लीहून यायच्या दुभाष्याने ऐनवेळी नकार दिला. म्हणून संतोषने निर्यातदार मंडळाच्या अध्यक्षांना माझं नाव सांगितलं. "सख्खी बहीण हाय माझी. ओझरच्या विमान कारखान्यात सगळी नोकरी रशियनवरच केली तिनं."

मी म्हटलं, बघते. "बघते काय? हो म्हण ना!"

म्हटलं, हो. पण मला टेबलाशी खुर्ची पाहिजे. भिंतीकडे नाही, कुणाच्या पाठीमागे नाही — टेबलाशी. आणि मला कुणी चहाचं विचारायला पाठवायचं नाही. नोकरीभर ते ऐकलंय. "मॅडम, तुम्ही जरा पाहुण्यांच्या चहाचं बघता का?" नाही बघत!

"बरं बाई," म्हणाला.

फोन ठेवला आणि कपाटातून रशियन शब्दकोश काढला. आनंदाने. इथे लिहायला काय हरकत आहे?

२० जानेवारी

गंज चढलाय. आरशासमोर उभी राहून रशियनमध्ये बोलत होते, तर फुलाबाई भांडी घासायची थांबून दारात येऊन उभी. "कोणाशी भांडून राहिल्या?" सांगितलं, सराव करतेय. मग म्हणे, भांड्याला काय म्हणतात त्यांच्यात? पसूदा, म्हटलं. जाताना ओरडून गेली — "पसूदा झाली ओ, मी चालले!"

पहिली विद्यार्थिनी. चांगली आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

इंजिनाचे शब्द झोपेतही आठवतात. पाती, तेलाचा दाब, तडा. पण विनिमय दर, राखीव निधी, खात्यात साचून राहिलेली शिल्लक — हे सगळं नव्याने पाठ करावं लागतंय. दिवसभर तेच.

गंमत म्हणजे रुपया-रुबलचं हे लग्न काही पहिलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तसंच होतं. दोन सरकारं बसून भाव ठरवायची, डॉलर कुठे मध्ये नसायचा. मग त्यांचा तो जुना देशच मोडला, आणि कोण कुणाचं किती देणं लागतं, कुठल्या भावाने, यावर वर्षानुवर्षं वाद. तेव्हा मी तिशीच्या आतली. मला त्यातलं काही कळायचं नाही, मी नट-बोल्टचं भाषांतर करत होते. आज त्रेसष्टाव्या वर्षी ते वाचतेय आणि कळतंय, युद्ध झालं, देश मोडला, की माणसं आधी एकमेकांच्या नोटांवरचा विश्वास काढून घेतात. आणि तो परत बसवायला कुणाला तरी एका टेबलाशी बसावं लागतं. बंदुका खाली ठेवणं त्यापेक्षा सोपं असेल.

गुडघा दुखतोय. टेबलाशी बसायचं आहे, पळायचं नाही. चालेल.

२७ जानेवारी, मंगळवार

गोटीरामशेठच्या ऑफिसात जाऊन आले. द्वारका चौकाजवळ. चौक ओलांडेपर्यंत जीव मेटाकुटीला आला, रिक्षावाल्याने भर सिग्नलला उतरवलं.

गोटीरामशेठ म्हणजे निर्यातदार मंडळाचे अध्यक्ष. मूळचे चांदवडकडचे. गडगडाटी माणूस. आवाज, हसणं, अंगठ्या — सगळं मोठं. मला "या मॅडम, या" करून बसवलं, पेढे दिले. संतोष शेजारी, शाळेत मुख्याध्यापकांसमोर बसल्यासारखा.

भांडण कुठे अडलंय ते समजावून घेतलं. रोजचा रुपया-रुबल भाव दोन्ही बँका मिळून जाहीर करतील, त्याला कुणाची ना नाही. पण द्राक्षं न्हावा शेव्याला बोटीत चढतात तेव्हा एक भाव, तिकडे उतरतात तेव्हा दुसरा. मधल्या दिवसांत रुबल घसरला तर नुकसान कुणाचं? आपले लोक म्हणतात, चढवण्याच्या दिवसाचा भाव धरा. ते म्हणतात, उतरवण्याच्या दिवसाचा. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी दोन देशांची माणसं विमानाने येणार.

निघताना गोटीरामशेठ सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मॅडम, चहाच्या सुट्टीत ते लोक आपसात बोलत्याल. तुम्ही तिथंच घुटमळा. कान ठेवा. कुठपर्यंत सोडायला तयार हायत, तेवढं आपल्याला कळलं की झालं!"

मी म्हटलं, ते जमणार नाही.

हसले. "अहो, तुम्ही आपल्या ना!"

म्हटलं, टेबलाशी जे मोठ्याने बोललं जाईल ते मी पलीकडे नेईन. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. जे माझ्यासाठी बोललेलं नाही ते मी नेणार नाही. ना तुमच्यासाठी, ना त्यांच्यासाठी. पटत नसेल तर दुसरं कुणी बघा.

हसणं थांबलं. संतोष बुटांकडे बघत होता. मग शेठ म्हणाले, "लय तत्त्वाच्या हायत बुवा तुझ्या ताई." संतोषला. मला नाही.

जिन्यात संतोष म्हणाला, "जरा गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं?"

गोडच बोलले होते की! पेढा तोंडात होता.

२८ जानेवारी

एक वाक्य लिहून ठेवते, विसरायला नको. माझी जीभ त्यांनी कामाला ठेवली आहे. कान ठेवलेला नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. अहाहा!

महामार्गावरचं हॉटेल. लांबलचक टेबल. एका बाजूला गोटीरामशेठ, संतोष, मंडळाचे आणखी लोक, आणि मुंबईहून आलेल्या आपल्या मध्यवर्ती बँकेच्या मनीषा मॅडम. कोरी सुती साडी, चष्मा दोरीला, फालतू एक शब्द नाही. समोर त्यांच्या बँकेच्या गालिना बोरिसोव्ना. माझ्याच वयाच्या. पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. शेजारी एक तरुण अधिकारी, सारखा कागद सावरणारा. आणि टेबलाच्या टोकाला — ना इकडे, ना तिकडे — माझी खुर्ची!

सुरुवातीलाच उभी राहिले. दोन्ही भाषांत सांगितलं: टेबलाशी जे मोठ्याने बोललं जाईल ते सगळं पलीकडे जाईल, म्हणून जपून बोला. आणि हेही की, तिसऱ्या खुर्चीवर बसलेले संतोष माझे सख्खे भाऊ आहेत. कुणाला हरकत असेल तर आत्ताच सांगावी.

गालिना बोरिसोव्ना म्हणाल्या, "हरकत नाही. पण तुमच्यावर जास्त लक्ष ठेवीन." ठेवा, म्हटलं.

दुपारी गोटीरामशेठना नियमाचा विसर पडला. गालिनाबाईंनी तिसऱ्यांदा एकच मुद्दा मांडला, तेव्हा हे शेजाऱ्याकडे वळून म्हणाले — मोठ्याने! — "म्हातारी लय खट हाय राव."

मी भाषांतर केलं. जसंच्या तसं. 'खट'ला रशियनमध्ये नेमका शब्द मिळाला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला.

मनीषा मॅडमनी चष्मा काढून पुसला. गालिनाबाईंनी गोटीरामशेठकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या दोन्ही नवऱ्यांचं हेच मत होतं. दोघंही आता नाहीत माझ्याजवळ. मी अजून आहे." तेही नेलं पलीकडे. अख्खं टेबल हसलं. शेठ सोडून. कानापर्यंत लाल झाले होते.

मग काम सुरळीत झालं. रोजच्या भावाचं ठरलं. संध्याकाळी पुढच्या मुद्द्यावर गालिनाबाई म्हणाल्या, "पस्मोत्रिम." मी म्हटलं, "बघू." आपल्या बाजूचे सगळे एकदम हुंकारले. हा शब्द त्यांना आतून कळला! आपण ज्या सुरात 'बघू' म्हणतो, त्याच सुरात. हो नाही, नाहीही नाही. माणसाला न फसवता परत पाठवायचा शब्द.

पाय सुजलेत. जेवायचा कंटाळा. पण आज मी जिवंत होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट दिवस. लिहिते.

चहाच्या सुट्टीत मी खिडकीशी उभी होते. गालिना बोरिसोव्ना आणि तो तरुण तिथेच आले. त्याने काहीतरी विचारलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं — नीट बघितलं, मी ऐकते आहे हे त्यांना ठाऊक होतं — आणि तरी त्याला उत्तर दिलं. स्वच्छ, पूर्ण उत्तर. मी कप घेऊन लांब गेले, पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

काय, ते लिहिणार नाही. इथेही नाही. हा कागद माझा असला तरी.

संध्याकाळी संतोष घरी आला. एकटा. बसलाच नाही. "तू उभी होती खिडकीपाशी. काय म्हनले ते?"

म्हटलं, मला विचारू नकोस.

"ऐकलं का नाय?"

ऐकलं.

"मग?"

मग काही नाही.

मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला नाही. तेच जास्त लागलं. म्हणाला, "ताई, गोटीरामशेठचं सोड. मी विचारतोय. भावाच्या बाबतीत आमचा निकाल उद्या-परवा लागनार हाय, आन् तुला ठाऊक हाय ते किती सोडत्याल. तू माझी बहीण का त्यांची?"

"टेबलाशी असेन तोवर कुणाचीच नाही," म्हटलं. उत्तर बरोबर होतं. पण किती कोरडं वाटलं घरात!

मग तो म्हणाला. ते वाक्य माझ्या डोक्यात कधीपासून होतं, त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं. "घरात एकच जण शिकू शकत व्हता. मी शेतात राहिलो म्हनून तू पुन्याला गेली. हे रशियन हाय ना तुझं — ते माझं बी हाय थोडं."

खरं आहे. अक्षरन् अक्षर खरं. त्याला दहावीला माझ्यापेक्षा चांगले गुण होते.

मी म्हटलं, "म्हणूनच ते मी घाण होऊ देणार नाही."

दार न लावता गेला.

खूप वेळ दाराकडे बघत बसले. माफी मागावी का? कशाची? त्या बाई माझ्यादेखत बोलल्या, कारण माझ्यावर विश्वास ठेवला. डॉक्टरसमोर माणूस बोलतो तसं. उद्या मी ते विकलं — फुकट का होईना, भावाला का होईना — तर परवा कुठल्या टेबलाशी बसू? आणि मग त्या टेबलावरच्या रुपयाला तरी काय अर्थ?

नाही. नाही म्हणजे नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

काढलं मला! सकाळी फोन. गोटीरामशेठ स्वतः. "मॅडम, तुम्हाला कशाला तरास. आता मोबाइल करतो भाषांतर. फुकटात."

म्हटलं, उत्तम. मोबाइलला टेबलाशी खुर्ची द्या. ठेवला फोन.

दुपारी स्नेहलचा फोन. संतोषची मुलगी, त्याच्या निर्यातीचं ऑफिस तीच सांभाळते. हॉटेलच्या व्हरांड्यातून, दबक्या आवाजात. "आत्या, वाट लागलीये इथे!" हसत होती की रडत होती, कळेना.

झालं असं. टेबलावर मोबाइल ठेवला. गालिनाबाईंनी सुरुवातीलाच म्हटलं, रोजच्या भावाबद्दल आपली 'दगवर्योनस्त' आहे. म्हणजे बोलणं झालंय, एकमेकांना कळलंय, अजून कागदावर नाही. मोबाइल बोलला — "आपला करार झाला आहे." गोटीरामशेठ ताडकन उभे. "झाला ना करार? मग करा सही!" ते मोबाइलने तिकडे काय सांगितलं देव जाणे. तो तरुण घाबरून कागद गोळा करायला लागला. मग बाई म्हणाल्या, "पस्मोत्रिम." मोबाइल म्हणाला, "चला पाहूया." आणि शेठ इकडेतिकडे बघत — "काय दाखवतायत?"

मी हसले. इतकी हसले की फुलाबाई बाहेर आली.

मग स्नेहल म्हणाली, "आत्या, त्या बाईंनी फायली बंद केल्या. उठून खोलीत गेल्यात. पप्पा एकटेच टेबलाशी बसलेत."

हसू गेलं.

संध्याकाळी अनोळखी नंबर. "प्रतिभाताई, मी मनीषा. बँकेतून." शांत आवाज. "मी तुम्हाला आज्ञा करू शकत नाही. विनंती करतेय. उद्याचा एकच दिवस उरलाय. दोन्ही बाजूंना दुभाषी म्हणून तुम्हीच हव्या आहात. त्या बाईंनी तुमचंच नाव घेतलं."

मी म्हटलं, येईन. पण ज्यांनी काढलं त्यांनी बोलवायचं. टेबलाशी, सगळ्यांसमोर. आणि त्यांनी सांगायचं की दुभाषी कुणाच्याच बाजूची नसते. मोठ्याने सांगायचं, म्हणजे मला त्याचं भाषांतर करता येईल.

मग त्या हसल्या. पहिल्यांदाच. "बघते," म्हणाल्या.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. उद्घाटनाला नेसतात तशी इरकल नेसून गेले. का नाही?

सगळे बसलेले. माझी खुर्ची होती तिथेच. मी बसले नाही, मागे उभी राहिले. गोटीरामशेठ खाकरले, पाणी प्यायले. मग टेबलाकडे बघत पुटपुटले, "ते… मॅडमचं… दुभाषी काय आपली नसती, त्यांची बी नसती. आमची चूक झाली. बसा."

मी भाषांतर केलं. पुटपुटण्यासकट. 'ते… मॅडमचं…' सुद्धा. गालिना बोरिसोव्ना गंभीरपणे मान हलवत ऐकत होत्या, पण ओठ घट्ट मिटून धरले होते.

बसले.

तासभर दोन्ही बाजू त्याच त्या मुद्द्याला बिलगून. चढवण्याचा दिवस, उतरवण्याचा दिवस. मनीषा मॅडमनी आकडे मांडले, त्या तरुणाने आकडे मांडले. कुणी हलेना. मग संतोष म्हणाला, "मी बोलू का?"

बोलला. थेट गालिनाबाईंकडे बघून.

दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं. 'मी' म्हणायचं असतं. बोलणारा माणूस आपण व्हायचं. आजवर किती इंजिनिअर झाले, किती साहेब झाले! माझा भाऊ कधी झाले नव्हते.

"बाई, मी द्राक्ष लावतो. पावसाळा सरला की छाटणी करतो, तवापासून माझा जुगार चालू. धुकं पडलं, जुगार. दव पडलं, जुगार. माल बोटीत चढला की मला वाटतं, सुटलो. आता तुम्ही म्हनता, बोट पाण्यात असली तरी जुगार चालूच. आन् तो बी कशाचा? लढाईचा. तिकडं कोन कुनावर काय टाकनार, त्याच्यावर माझ्या मालाचा भाव. एवढा एक जुगार माझ्यावर नका टाकू."

मी ते नेलं. मग तो थांबला, आणि म्हणाला, "आमच्या घरात माझी बहीण शिकली. मी शेतात राहिलो. त्याचं मला काय वाटत नाय. पन जे मी राखलं ते वाऱ्यावर सोडनार नाय."

रशियनमध्ये भूतकाळ बोलताना कळतं, बोलणारा बाई आहे की पुरुष. आपल्यासारखंच. मला 'अस्ताल्स्या' म्हणायचं होतं. मी राहिलो. माझ्या आवाजात, इरकल नेसून, सगळ्यांसमोर म्हटलं. माझी बहीण शिकली, मी शेतात राहिलो. आवाज कापला नाही. कापू दिला नाही!

गालिनाबाई त्याच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. म्हणाल्या, "मीही लढाईच्या देशात राहते. माझ्याकडेही लोक येऊन हेच म्हणतात, एवढा एक जुगार आमच्यावर नको. सगळा मी घेऊ शकत नाही. निम्मा घेते." म्हणजे चढवण्याच्या आणि उतरवण्याच्या दिवसाचा मधला भाव. जे खालीवर होईल ते दोघांनी अर्धं अर्धं सोसायचं.

सगळे संतोषकडे वळले. पहिले कंटेनर त्याचे जाणार होते. मनीषा मॅडमनी विचारलं, "मान्य?"

आता लिहिते. सह्या झाल्यात, आता लिहायला हरकत नाही. मंगळवारी खिडकीशी त्या तरुणाने विचारलं होतं, ते अडूनच बसले तर? आणि बाई म्हणाल्या होत्या, तर आपला हट्ट पूर्ण सोडू, वरून परवानगी आहे. पण अडून बसले तरच.

मला हे ठाऊक होतं. माझ्या भावाने आणखी एकदा 'नाही' म्हटलं असतं तर त्याला सगळं मिळालं असतं. एकदाच! मी मनात ओरडत होते — म्हण, संतोष, एकदाच म्हण! चेहरा दगड करून बसले होते. झाला असेल का दगड, कोण जाणे.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सकाळपासून एकदाही नव्हतं बघितलं, तेव्हाही नाही. तळहात टेबलावर पालथे ठेवले होते, त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मान्य."

"सग्लासेन," मी म्हटलं. त्याच्या वतीने.

टाळ्या, फोटो. गोटीरामशेठने मला बाजूला सारायचा प्रयत्न केला, फोटोतून. मी हलले नाही.

घरी येऊन रडले. रडले तर रडले. पण उद्या हेच टेबल परत मांडलं तर मी तशीच बसेन, तोंड मिटून. हे मी लिहून ठेवते, आणि खाली सही करते — प्रतिभा.

६ फेब्रुवारी

गालिना बोरिसोव्ना सकाळी गेल्या. हॉटेलच्या दारात माझा हात दोन्ही हातांत धरला.

मनीषा मॅडमचा निरोप. एप्रिलमध्ये पुन्हा बैठक आहे, यावेळी मॉस्कोत. याल का?

संतोषचा फोन नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

पेपरात फोटो आला. मी आहे! टोकाला, पण आहे. नाव चुकीचं छापलंय. 'प्रतिमा'. मूर्ती केली माझी.

शेजारच्यांनी विचारलं, भाऊ खूश असतील? म्हटलं, विचारा त्यांनाच.

मी फोन करणार नाही. मी चुकलेले नाही. अबोला धरायचा तर धरू दे. मीही त्याचीच बहीण आहे, मलाही धरता येतो.

मॉस्कोला हो कळवलं.

९ फेब्रुवारी

फोन नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

संतोष आला. पहिला कंटेनर न्हावा शेव्याला गेला म्हणाला. मी चहा ठेवला. राहवेना, विचारलंच — त्या दिवशी टेबलाशी माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. एवढा राग?

"राग कशाचा," म्हणाला. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं ताई, ल्हानपनापासून. बघितलं असतं तर मला कळलं असतं, ते किती सोडत्याल." बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "म्हनून नाय बघितलं."